काट्यावरून परत गेलेली पहिली गाडी

मी नोकरीला लागलो तेव्हा आई बाळापूरहून माझी अमरावतीची खोली पाहायला आली होती. चहा पिता पिता तिनं विचारलं, "तू कंप्युटरवर नेमकं करतं तरी काय?" मी म्हणालो, "एक प्रोग्राम असतो, तो समोर बसून लोकांशी बोलतो. एक डेटाबेस असतो, तो मागच्या खोलीत बसून सगळी माहिती सांभाळतो. त्या दोघांची गाठ घालून द्यायची आणि ती टिकवायची, हे माझं काम."

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे सोयरीक जमवणारा झाला की तू."

"तसंच समज."

"मंग त्या दोघाइचं बिनसलं का लोकं तुलेच धरत असतीन."

या धंद्यात आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून ऐकायला मिळालेलं नाही. दोघांचं बिनसतं आणि लोक मलाच धरतात. एकदा मात्र लोकांनी मला सोडून भलत्याच व्यक्तीला धरलं. ती हकीकत सांगावी, म्हणून हा लेख.

आधी थोडं घरचं सांगतो. बाबा बाळापूरच्या बाजारात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. नगरपरिषदेच्या शाळेत शिकलो, मग शिष्यवृत्तीवर आणि सरकारी वसतिगृहात राहून अमरावतीला इंजिनीअर झालो. शाळेतल्या गणिताच्या सरांनी स्वतःच्या घरी बसवून शिकवलं, वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी परीक्षेच्या दिवसांत एक पोळी जास्तीची वाढली. असे कितीतरी हात मला लागलेले आहेत, आणि हातांबद्दल मी जरा हळवा आहे. त्यालाही एक कारण आहे, ते पुढे येईल.

आता धंद्याचं. प्रोग्रामला डेटाबेसशी बोलायचं तर चार गोष्टी ठाऊक लागतात: तो कुठल्या मशीनवर राहतो, त्याचं नाव काय, आत कुणाच्या नावानं जायचं आणि परवलीचा शब्द कोणता. या गोष्टी प्रोग्रामच्या पोटात लिहू नयेत, बाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात, हा आमच्याकडचा पहिला धडा. अकोल्याच्या एका क्लासवाल्यांचं काम मी हाती घेतलं तेव्हा आधीच्या माणसानं मशीनचा पत्ता प्रोग्रामभर जागोजागी लिहून ठेवलेला होता. क्लास रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत गेला, मशीनचा पत्ता बदलला आणि सगळं बंद पडलं. क्लासचे संचालक मला म्हणाले, "आमी फक्त रस्ता ओलांडला राजेहो, गाव कुठं सोडलं?" मी त्यांना म्हणालो, तुमच्या प्रोग्रामनं पत्ता कपाळावर गोंदून घेतलाय, आता कातडी सोलल्याशिवाय तो निघायचा नाही. मग मी ती कातडी सोलत बसलो.

दुसरा धडा जरा अवघड आहे आणि या हकीकतीचा जीव त्यातच आहे. डेटाबेसशी नवी जोडणी उघडायला वेळ लागतो. ओळख पटवा, परवली सांगा, दार उघडेपर्यंत थांबा. प्रत्येक कामासाठी एवढं करत बसलं तर समोरचा माणूस कंटाळून जाईल. म्हणून प्रोग्राम चार-सहा जोडण्या आधीच उघडून तयार ठेवतो. धारणीच्या स्टँडवर जशा जीपा उभ्या असतात, तसंच समजा. सवारी आली की तयार जीप निघते, काम झालं की परत स्टँडवर येऊन उभी राहते. दर सवारीला कोणी नवी जीप विकत आणत नाही. किती जीपा ठेवायच्या, एखादी परत आली नाही तर किती वाट पाहायची, हे सगळं ठरवून लिहून द्यावं लागतं. तेच माझं काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते चार ओळींचं दिसतं, आणि असतंही चारच ओळींचं.

आता प्रसंग.

अकोटला कापसाची एक जिनिंग, म्हणजे सरकी काढणारी गिरणी, आहे. नाव सांगत नाही. तिथल्या वजनकाट्याचा प्रोग्राम आमच्या कंपनीचा. कापसाची गाडी काट्यावर चढते, केबिनमधला ऑपरेटर बटण दाबतो, वजन डेटाबेसमध्ये जातं आणि पावती निघते. एका सकाळी तिथल्या मुनीमजींचा ऑफिसात फोन आला, आणि आमच्या सरांनी तो माझ्याकडे दिला.

"साहेब, त्या तायडे बाईचं नाव कंप्युटरातून काढून टाका. आन् गोपालचं टाका."

"का हो? बाई नोकरी सोडून गेल्या का?"

"गेली नाही, पन जाईन. तिच्या हातची बोहनी व्हत नाही."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. "म्हणजे?"

"म्हंजे पहिली गाडी काट्यावर चढली का बाई बटन दाबते, आन् मशीन लाल पट्टी दाखवते. पावती नाही, काही नाही. गाडी खाली उतरवा लागते. दुसऱ्यांदा चढवली का मंग होते. गेल्या हंगामापासून रोजचंच झालं. कापसाच्या गिरणीत पहिली गाडी काट्यावरून मांगं जाणं, साहेब, याच्याहून वाईट काही हाये काय?"

"पण दुसऱ्या खेपेला होतं ना? मग आम्हाला आधी का नाही कळवलं?"

"तुमाले कायले सांगाचं? मशीन त चांगलीच हाये. गोपाल बसला का पहिल्याच झटक्यात होते. मशीनचा दोष नाही, हातगुणाचा दोष हाये."

गोपाल हा मुनीमजींचा भाचा. दुपारपाळीला तो काट्यावर बसायचा आणि बाईंची सुट्टी असली की सकाळीही. सर मला म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं नाव काढा, तर काढ. काम केवढंसं." खरोखरच केवढंसंच होतं. दोन बटणं दाबली की झालं असतं. पण माझा हात पुढे होईना.

बाळापूरच्या बाजारात मी लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचो. एकदा हंगामाच्या पहिल्या दिवशी बाबांनी उचललेल्या पहिल्या पोत्याची सुतळी तुटली आणि धान्य जमिनीवर पसरलं. सुतळी कुजलेली होती. पण त्या दिवसापासून आडतवाल्यानं नियम केला की पहिलं पोतं बाबांनी उचलायचं नाही. सकाळी सगळे हमाल पुढे व्हायचे आणि बाबा भिंतीला टेकून उभे राहायचे, कोणीतरी पहिलं पोतं उचलेपर्यंत. खांद्यावरचं फडकं झटकायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा झटकायचे. मी डबा घेऊन समोर उभा असायचो आणि मला कुठे पाहावं हे कळायचं नाही.

सरांना मी म्हणालो, "नाव काढायच्या आधी मी अकोटला जाऊन येतो." सर म्हणाले, "जा बाबा, पण तिकडून हातगुणाची दुरुस्ती करून येऊ नको, तिचं बिल कसं लावायचं हे मला ठाऊक नाही."

परतवाडा-अंजनगावच्या एसटीनं मी अकोटला पोहोचलो, लॉजवर राहिलो आणि सकाळी काट्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. तायडे बाई आधीच आलेल्या होत्या. पस्तिशीच्या असाव्यात, बारीक अंगाच्या. टेबल स्वच्छ, पेन एका रेघेत, पावतीचा कागद नीट बसवलेला. बाहेर गाड्यांची रांग होती, पण एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काटा मोकळा असून पुढे कोणी येत नव्हतं. पहिला टेम्पोवाला दुसऱ्याला हात करून म्हणत होता, "जा ना तू," आणि दुसरा म्हणत होता, "मले घाई नाही."

शेवटी हमालांनी आरडाओरडा केल्यावर एक गाडी चढली. बाईंनी बटण दाबलं. लाल पट्टी आली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीनं खिडकीतून हात बाहेर काढून गाडी मागे घेण्याची खूण केली. काट्यावर वजन असताना दुसरी नोंद घ्यायची नाही, आधी काटा शून्यावर यायला हवा, असा प्रोग्रामचा नियम होता. कोणी लबाडी करू नये म्हणून तो केलेला. त्यामुळे गाडीला मागे जाणं भागच होतं. ड्रायव्हर गाडी उतरवताना मोठ्यानं काहीतरी बोलला. दुसऱ्या खेपेला पावती निघाली आणि मग दिवसभर एकदाही अडथळा आला नाही.

दुपारी बाईंनी डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, "ताई, ही चूक मशीनची आहे. मी ती शोधून काढणार."

"राहू द्या सर. मलेही आता वाटते, असन काही हातात."

"असं काय म्हणता?"

"गिरणीतली गोष्ट गावात गेली, गावातून घरात आली. दिवा लावाले गेली त जाऊ म्हणते, मी लावते. पेरणीले पहिली सरकी दरवर्षी मी टाकत होती, नवी सून होती तेव्हापासून. या वर्षी सासूनं टोपलं हातातून घेतलं. रागानं नाही घेतलं सर. हळूच घेतलं." त्यांनी ठेच्याला भाकर लावली, पण खाल्ली नाही. "नोकरी गेली त दुसरी पाहीन. पन हे घेऊन कुठं जाऊ?"

तेव्हा मला कळलं की लाल पट्टी घालवणं हे माझं निम्मंच काम आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गोपालला सकाळी बसायला सांगितलं. गोपाल हसतमुख पोरगा, मनानं वाईट नाही. आला, कंप्युटर बंद केला, फडक्यानं पुसला, अगरबत्ती लावली, कंप्युटर चालू केला, हात जोडले आणि पहिली गाडी घेतली. खर्रकन पावती बाहेर आली. मुनीमजी दारात उभे होते. म्हणाले, "पाहा साहेब. आता बोला."

मी गोपालला विचारलं, "तू मशीन बंद कशाला करतोस?"

"अगरबत्तीच्या आंधी फडकं मारा लागते ना. चालू मशीनवर फडकं कसं मारू?"

मग मी बाईंकडे गेलो. "ताई, तुम्ही सकाळी मशीन बंद करून चालू करता का?"

"छे! तुमच्याच कंपनीच्या साहेबानं ट्रेनिंगमंधी सांगतलं होतं, ही मशीन कधीच बंद करू नका, गेटचे कॅमेरे याच्यावर चालतात. मी आजपर्यंत हात नाही लावला."

म्हणजे नियम पाळणारी बाई अपशकुनी ठरली होती आणि नियम मोडणारा पोरगा हातगुणाचा. मशीन नव्यानं चालू केली की चूक येत नाही, एवढं समजलं. पण रात्रीतून असं काय होतं, जे सकाळी पहिल्याच गाडीला आडवं येतं, हे समजेना.

ते त्याच संध्याकाळी दिसलं. दिवेलागणीला मुनीमजी मोठ्या ऑफिसातून बाहेर आले, देवाच्या फोटोला नमस्कार केला आणि भिंतीवरचा ऑफिसचा मेन स्विच खाली पाडला. ऑफिस अंधारात गेलं. मी विचारलं, "रोज पाडता?"

"रोज म्हंजे? माह्या आंधीचे मुनीमजीबी पाडत. कापसाची गिरणी हाये, साहेब. एक ठिनगी उडाली त राखच पाहाले भेटते."

अंधाऱ्या ऑफिसातच डेटाबेसचं मशीन होतं. आणि पलीकडे काट्याच्या केबिनमध्ये दिवा जळत होता, कारण ती केबिन इन्व्हर्टरवर होती, कॅमेऱ्यांसाठी. मी तिथे अंगणात उभा राहून एकदा अंधाराकडे पाहिलं, एकदा उजेडाकडे पाहिलं आणि मला स्टँडवरच्या जीपा दिसल्या.

डेटाबेस रोज रात्री झोपत होता आणि प्रोग्राम रात्रभर जागा राहत होता. प्रोग्रामच्या स्टँडवर कालच्या जोडण्या उभ्या होत्या. दिसायला जीपाच, पण पलीकडचं टोक तुटल्यामुळे इंजिन मेलेल्या. सकाळी मेन वर केला की डेटाबेस जागा व्हायचा, पण त्याला कालच्या जीपांची ओळख नसायची. पहिली गाडी काट्यावर आली की प्रोग्राम तिची नोंद अशा मेलेल्या जीपमध्ये बसवायचा, जीप हलायची नाही आणि लाल पट्टी यायची. मग प्रोग्राम शहाणा व्हायचा, स्टँडवरच्या सगळ्या जीपा मोडीत काढून नव्या आणायचा. म्हणून दुसरी खेप सुरळीत. सकाळी पहिल्यांदा जो बसेल, त्याच्या नशिबी पट्टी. गोपाल मशीनच बंद करून चालू करायचा, म्हणून त्याच्या स्टँडवर सकाळी कोऱ्या जीपा.

उपाय चार ओळींचा. सवारी बसवायच्या आधी जीपला एकदा सेल मारून इंजिन सुरू होतं का ते पाहायचं. म्हणजे जोडणी हातात घेताना आधी डेटाबेसला एक बारीकसा प्रश्न विचारायचा, "हायेस काय बे?" उत्तर आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर ती जोडणी टाकून नवी घ्यायची. मेन पाडू नका असं मुनीमजींना सांगणं सोपं होतं, पण चुकीचं होतं. आगीची भीती खरी होती. माणसांची शहाणपणाची सवय मोडून प्रोग्राम वाचवायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

मी मुनीमजींना घेऊन तडक शेटजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. शेटजी म्हणजे जिनिंगचे मालक. वयस्कर, हुशार माणूस. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मले पटलं. उद्या दुरुस्त करून टाका. पन बाईचं नाव काढाच."

"आता कशाला, शेटजी?"

"तुमी बाहेरची रांग पाहिली ना? तिच्या पाळीले पहिलं कोणी चढत नाही. गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळून राहिल्या. तुमाले कळलं, मले कळलं. गाडीवाल्याले कोण सांगन? त्याइले तुमचा डेटाबेस समजते काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी गुपचूप दुरुस्ती केली असती तर श्रेय गोपालच्या अगरबत्तीला गेलं असतं आणि बाईंच्या हाताला लागलेला डाग तसाच राहिला असता. मला बाबा आठवले. सुतळी कुजकी होती हे हमालांपैकी कितीतरी जणांना माहीत होतं. पण आडतवाल्यासमोर, बाजारासमोर, ते कोणी बोललं नाही.

मी म्हणालो, "शेटजी, मग मी आज दुरुस्तच करत नाही. उद्या सकाळी पहिली गाडी तुम्ही घ्या."

मुनीमजी ताडकन उठले. "अहो, शेटजीच्या हातानं दरसाल हंगामाचा मुहूर्त होते! त्याइच्या हाताले लाल पट्टी दाखवता?"

"पट्टी मी नाही दाखवणार. तुम्ही आज मेन पाडलाय ना? तोच दाखवेल."

शेटजींनी चष्मा काढून पुसला. मग मिशीतल्या मिशीत हसले. "माह्या हातानं बिघडलं त?"

"तर मग बाईंच्या हातात काही नाही, हे साऱ्यांना कळेल."

"आन् नाही बिघडलं त?"

"तर बाईंचं नाव मी इथं बसूनच काढतो."

हे बोललो खरा, पण लॉजवर गेल्यावर भानावर आलो. नोकरी बाईंची आणि पैज मी लावून बसलो होतो.

सकाळी केबिनभोवती गर्दी जमली. शेटजी काट्यावर बसणार ही बातमी रांगेत पोहोचली होती. गोपालला मी सांगितलं होतं की आज मशीनला हात लावायचा नाही. तायडे बाई कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना. सलीमभाई नावाचा टेम्पोवाला पुढे आला. "शेटजीच्या हातची बोहनी असन त आपुन पयले!" टेम्पो काट्यावर चढला. शेटजींनी चष्मा सारखा केला, नाव घेतलं देवाचं आणि बटण दाबलं.

लाल पट्टी.

रांगेतून कोणाचा तरी आवाज आला, "शेटजी, तुमचाबी हात तसाच निघाला बाप्पा!" आणि जो हशा पिकला त्यात सर्वांत मोठा आवाज शेटजींचा होता. एकटे मुनीमजी हसले नाहीत.

आता मी पुढे झालो. फाइल उघडली, त्या चार ओळी लिहिल्या, प्रोग्राम पुन्हा चालू केला. मग म्हणालो, "मुनीमजी, जा आणि मेन पाडा. काल संध्याकाळी पाडला तसाच. आणि थोड्या वेळानं वर करा."

"दिवसाढवळ्या?"

"दिवसाढवळ्या. सगळ्यांसमोर."

मेन पडला, वर झाला. डेटाबेसचं मशीन जागं होईपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे होतो. मी सलीमभाईंना सांगत होतो की जीप स्टँडवर उभी दिसते, पण रात्रीतून थंड पडलेली असते. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. रांगेकडे वळून म्हणाले, "अरे, समजलं काय? गाडी सेल घेत नव्हती, आन् तुमी सीटवर बसल्या सवारीले पनौती म्हणत होते!" माझं अख्खं स्पष्टीकरण त्या एका वाक्यात रांगेच्या शेवटापर्यंत गेलं.

"ताई, या," मी म्हणालो.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "सर, गोपालले करू द्या. पुन्हा लाल आली त..."

"आली तर माझी चूक. मी इथंच उभा आहे. पण पहिली गाडी तुम्हीच घ्यायची."

शेटजी खुर्चीवरून उठले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. बाई बसल्या. पेन रेघेत होतं तरी पुन्हा रेघेत ठेवलं. सलीमभाईंनी टेम्पो मागे घेऊन पुन्हा काट्यावर आणला, खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "दबाव बहेन, डरू नको." बाईंनी बटण दाबलं.

पडदा क्षणभर थांबला. तो क्षण म्हणजे माझा तो बारीक प्रश्न. हायेस काय बे? नाही. बरं, नवी जीप आण. मग प्रिंटर खर्रर्र करून वाजला आणि पावती बाहेर आली. बाईंनी ती फाडली, पाहिली, उलटी करून पाहिली आणि खिडकीतून सलीमभाईंच्या हातात दिली. सलीमभाईंनी पावती कपाळाला लावली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, "चला, सरका पुढं, दिवस काढता काय इथंच!"

त्या हॉर्नइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. माणसं पुन्हा पुढे येण्यासाठी घाई करत होती.

बाईंचं नाव निघालं नाही. मुनीमजींनी मला निरोप देताना चहा पाजला आणि म्हणाले, "तरीबी साहेब, अगरबत्तीनं काही वाईट होत नाही." मी म्हणालो, नाही होत. आमच्या अमरावतीच्या ऑफिसातही सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली आहे, आणि शुक्रवारी नवा प्रोग्राम चढवायचा नाही असा आम्हा शिकलेल्यांचा दंडक आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक रुखरुख आहे. दुसऱ्या खेपेला काम होतं, म्हणून लोक आम्हाला कळवतच नाहीत. अर्धवट चालणाऱ्या यंत्राची चूक कोणी यंत्राला लावत नाही, समोर बसलेल्या माणसाला लावतात. असे किती जण कुठल्या कुठल्या खिडकीत बसले असतील, कोण जाणे. तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी जोडणीच्या त्या चार ओळी शिकवतो, मग बाकीचं. आणि कुठूनही "अमक्याचं नाव काढा" असा फोन आला की आधी एसटीचं वेळापत्रक पाहतो. सर आता काही म्हणत नाहीत.

बाबा आता थकले आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "साऱ्याइसमोर केलं, हे बरं केलं."

पुढच्या जूनमध्ये तायडे बाईंचा फोन आला. मला वाटलं, काट्याचं काही बिघडलं.

"नाही सर, काटा चांगला हाये. काल आमची पेरणी झाली. सासूनं आवाज देऊन बोलावलं मले, टोपलं हातात देलं. पहिली सरकी मी टाकली."

मी खुळ्यासारखं विचारलं, "उगवली का?"

बाई खळखळून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कालच त टाकली सर. तिले थोडा टाइम त देसान का नाही?"